पोकळ पाइप

आक्राच्या किनाऱ्यावर, होड्या जिथे डागडुजीला ओढतात,
तिथे ओकायजाची व्यायामशाळा.
वर पत्रा, खाली वाळू,
मोडीत निघालेल्या मिनीबसचा आस,
रंगाच्या डब्यांत ओतून घट्ट झालेलं सिमेंट.
डब्यांवर खडूनं वजनं लिहिलेली,
खारा वारा रोज अर्धे आकडे पुसून नेतो.

मी गेले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते.
चाळीस वर्षं डोक्यावर चुंबळ,
चुंबळीवर धुरी दिलेल्या मासळीची पाटी.
मान ताठ, चाल ताठ,
आणि डावा खांदा असा, की डोईच्या रुमालाला
मागे गाठ मारायची तर
सुनेला, आमेर्लेला, हाक मारावी लागे.

म्हटलं, "वजन मला नवीन नाही, पोरा."
"ठाऊक आहे, मावशी," तो म्हणाला
आणि माझ्या हातात दिला एक प्लास्टिकचा पाइप.
पोकळ.
वारा शिरला की तो वाजायचा.

सगळी पोरं बघत होती.
हसली असती तरी चाललं असतं,
भांडता आलं असतं.

मग मासळीच्या खोक्यावर बसायचं, उठायचं.
खोक्याला नुसतं टेकायचं आणि वर.
"गुडघे आत पडतायत. टाचा रोवा.
श्वास कोंडू नका, उठताना सोडा."
श्वास सोडा!
मी तर सगळं श्वास कोंडूनच उचलत आले होते,
पाट्या, चार पोरं,
नवऱ्याला त्याच्या शेवटच्या पावसाळ्यात
चटईवरून मोरीपर्यंत.

"आठ झाल्या. थांबा."
"अजून दोन होतील."
"होतील म्हणूनच थांबा."
वर म्हणाला, "आणि उद्या येऊ नका."
उद्या येऊ नकोस
असं मला आजवर ना बाजार म्हणाला, ना घर.
दुसऱ्या दिवशी मी पेटीवर बसून राहिले,
मांड्या ठणकत होत्या,
आणि आत कुठेतरी कुणीतरी
हळूहळू गिलावा चढवत असल्यासारखं वाटत होतं.

दर शुक्रवारी तो पाइपचं बूच काढायचा,
किनाऱ्यावरची सुकी वाळू ओंजळभर ओतायचा,
बूच परत ठोकून लावायचा.
आधी वारा वाजायचा, मग वाळू,
आडवा धरून उचलला की
या टोकाकडून त्या टोकाकडे सरसरत जायची.
ज्या आठवड्यात खांदा कुरकुरला
त्या आठवड्यात त्यानं दोन ओंजळी काढून घेतल्या.
मी तोंड फिरवलं.
त्यानंही.

हरमॅटनची धूळ आली, गेली.
एका शुक्रवारी पाइप उचलला
तर काहीच वाजलं नाही.

त्याच दिवसांत लांक्वेनं पैज लावून
आसाला चार-चार डबे अडकवले.
उचललं, हो, उचललं त्यानं.
मग खाली टेकवताना पाठ गोल झाली,
तो वाळूत बसला आणि कितीतरी वेळ
चपलेचा पट्टा बांधल्याचं सोंग करत राहिला.
ओकायजा ओरडला नाही.
एकेक डबा काढून भिंतीशी लावला,
पोराला पाठीवर झोपवून गुडघ्यांखाली उशी सरकवली.

महिनाभरानं लांक्वे परत आला,
त्याच्या हातात नवा पाइप.
पोकळ.
मी म्हटलं, "ये, शेजारी उभा राहा.
श्वास कोंडू नकोस. वाजतोय ना? वाजू दे."

आता पाटी जमिनीवरून फळीपर्यंत मी एकटी नेते.
डोक्यावर घ्यायला मात्र अजून दोघी लागतात,
ते तसंच असतं, त्यात काही कमीपणा नाही.
आणि गाठ?
गाठ माझी मला मारता येते, दोन महिने झाले.

आमेर्लेला सांगितलेलं नाही.
पहाटे ती चुलीवरून उठून येते,
हातांना धुराचा वास,
माझ्या मागे उभी राहते रुमाल घेऊन.
मी दोन्ही हात मांडीवर ठेवते.
म्हणते, "बांध. जरा सैल."